आप्पांचे टॅब, माझं रिटर्न आणि चार जीबी

जुलैची 20 तारीख, दुपारचे साडेचार, बाहेर सकाळपासून झड लागलेली आणि माझ्या पुढ्यात पांढराफटक पडलेला स्क्रीन, वरती बारीक अक्षरात 'नॉट रिस्पॉन्डिंग'. जीएसटीचं काम करणाऱ्यांना 20 तारीख वेगळी सांगायला नको, 3बी म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न भरायची शेवटची तारीख असती ती, चुकली की दिवसाला 50 रुपये लेट फी, आणि काम माझ्याकडं असल्यावर ते 50 रुपये शेठ देतील असं मला तरी वाटत नाही. मी घरबसल्या सांगलीच्या मार्केट यार्डातल्या दोन अडत दुकानांचे हिशोब बघते, एक हळदीचं, एक बेदाण्याचं. रिटर्न भरताना शेवटी ओटीपी लागतो, तो जातो शेठच्या मोबाईलवर, म्हणजे फोन लावायचा, विचारायचा आणि पटकन टाकायचा. त्या दिवशी तीनदा विचारला आणि तिन्ही वेळा आकडे टाकायच्या आत ब्राउजरनं मान टाकली. तिसऱ्या वेळी शेठ म्हणाले, "ताई, सौदे सोडून दिवसभर ओटीपीच सांगत बसू काय वो?"

भरलं शेवटी, रात्री सव्वाअकराला, कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू करून. पण तेव्हाच ठरवलं, ह्याचा आता सोक्षमोक्ष लावायचा.

आधी कॉम्प्युटरबद्दल सांगते. 2012 ला गणपती पेठेतनं असेंबल करून घेतलेला, इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय3 प्रोसेसर, एच61 चा मदरबोर्ड, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्डडिस्क. तेव्हा 4 जीबी म्हणजे चैन होती, 2 मध्ये भागायचं लोकांचं. आमचं घर गावभागात. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचा खालचा मजला पाण्यात होता, आणि आम्ही देव, तांदळाचा डबा आणि हा सीपीयू एवढं पहिल्यांदा वर नेलेलं. हे म्हणाले पण होते, "अगं फ्रिज राहिला आणि हे खोकं काय नेतीस?" त्यात सात वर्षांचे हिशोब होते म्हणून नेलं. फ्रिज गेला, हे खोकं वाचलं. त्यामुळं कुणी 'टाकून द्या आता' म्हणलं की मला राग येतो तो उगाच नाही.

कॉम्प्युटर हळू चालायला लागला की माणूस जे जे करतो ते सगळं मी दोन वर्षं करत होते. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश. हे आपल्याकडं कुणी शिकवलं देव जाणे, सायबर कॅफेच्या काळापासून चालत आलंय, खरं त्यानं फक्त डेस्कटॉपवरचे आयकॉन परत मांडले जातात, रॅम काडीची मोकळी होत नाही. मग ब्राउजरची कॅशे साफ करायची. ती कॅशे बऱ्यापैकी हार्डडिस्कवर असती, बघितलेल्या पानांची चित्रं-बित्रं परत उतरवायला लागू नयेत म्हणून ठेवलेली, ती पुसली की उलट पुढच्या वेळी सगळं पुन्हा नेटवरनं आणत बसायचं. मग खोडरबर. रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतला खोडरबर घासायचा आणि परत खटकन बसवायची. कॉम्प्युटर नुसता बीप बीप करतोय आणि चालूच होत नाही अशा वेळी हा उपाय खरंच चालतो, मी दोनदा केलाय, पण चालू असलेला कॉम्प्युटर त्यानं पळायला लागत नाही. आणि शेवटी एक 'रॅम मोकळी करा' वालं फुकटचं सॉफ्टवेअर पण टाकलेलं. बटण दाबलं की मीटर लालाचा हिरवा व्हायचा, बरं वाटायचं, आणि पुढची पाच मिनिटं कॉम्प्युटर आधीपेक्षा जास्त अडकायचा.

दुरुस्तीवाल्या पोराला बोलावलं. त्यानं दोन मिनिटं बघितलं, चहा घेतला आणि म्हणाला, "काकू, ह्याच्यात आता दम न्हाई राहिला. नवीन घ्या, चांगला आय5 देतो." म्हणलं बाबा, पण बिघडलंय काय नक्की? तर म्हणे, "बिघडलं काय न्हाई, जुना झालाय." हे काय मला पटेना. हिशोबाचं टॅली तसंच चालतंय, वर्ड तसंच उघडतंय, जुना झाला असता तर सगळ्यालाच झाला असता की. ब्राउजर उघडला की मगच ह्याला धाप लागते.

मुलगा पुण्यात असतो, त्याला रात्री फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आई, कोण खातंय ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. दोन वर्षं नुसती चरफडत होते आणि एकदा पण बघितलं नव्हतं.

तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. माझ्याकडं मेमरी 94 टक्के आणि डिस्क 100 टक्के दिसत होती, लालबुंद. मी घाबरले, म्हणलं डिस्क भरली, आता हिशोब जाणार. मुलगा हसायला लागला. ते डिस्क किती भरली त्याचं नसतंय, डिस्क ह्या क्षणी किती कामात आहे त्याचं असतंय. आणि सगळं दुखणं त्या 100 मध्येच होतं.

रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा. हाताशी लागतं ते सगळं ओट्यावर. ओटा भरला की विंडोज काय करतं, ज्याला बराच वेळ हात लावला नाही ते उचलतं आणि माळ्यावर टाकतं, हार्डडिस्कवर एक फाईल असती पेजफाईल म्हणून, तो हा माळा. परत लागलं की शिडी लावून खाली आणायचं, त्याला जागा करायला दुसरं काहीतरी वर टाकायचं. आता फरक किती, तर रॅममधून एक गोष्ट आणायला साधारण सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो आणि फिरत्या हार्डडिस्कवर ती शोधायला सेकंदाचा शंभरावा. ऐकायला दोन्ही बारीकच वाटतं, पण गुणिले एक लाख आहे ते! रॅमला एक सेकंद लागला असं धरलं तर हार्डडिस्कला सत्तावीस-अठ्ठावीस तास. म्हणून 4 जीबी संपेपर्यंत कॉम्प्युटर बरा चालतो आणि संपली की हळूहळू मंद होत नाही, एकदम ढिम्म होतो. त्या रॅम मोकळ्या करणाऱ्या सॉफ्टवेअरचं पण हेच, ते ओट्यावरचं सगळं जबरदस्तीनं माळ्यावर ढकलून देतं आणि 'बघा ओटा कसा स्वच्छ' म्हणतं. फोडणी टाकायच्या वेळी मोहरीचा डबा माळ्यावर.

मग खरा शोध. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. (फायरफॉक्सवाल्यांनी वरच्या पट्टीत अबाऊट, कोलन, प्रोसेसेस हे इंग्रजीत सलग टाईप करायचं.) त्यात एकेक टॅब, एकेक एक्सटेन्शन (ब्राउजरला वरनं जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) किती मेमरी धरून बसलंय ते ओळीनं दिसतं, मेमरीच्या मथळ्यावर क्लिक केलं की मोठा खाणारा वर येतो. उघडले तर 23 टॅब. माझे त्यातले सहा. सतरा आप्पांचे.

आप्पा म्हणजे माझे सासरे, वय 81. दुपारी माझी वामकुक्षी होईपर्यंत कॉम्प्युटर त्यांचा. पेपरची ई-आवृत्ती वाचतात आणि पावसाळ्यात कोयनेचा विसर्ग बघतात, म्हणजे बातमी म्हणून नाही, पोटातनं बघतात. सांगलीकरांना सांगायला नको, कोयना धरण 105 टीएमसीचं, तिथं दरवाजे उचलले की ते पाणी कराडला कृष्णेला मिळतं आणि पुढं आपल्या दारात. आयर्विनला 40 फूट झालं की इशारा, 45 ला धोका. तर आप्पा जुलै-ऑगस्टमध्ये दर तासाला आकडा बघणार, आणि दर वेळी नवीन टॅबमध्ये. जुना बंद करायचा असतो हे त्यांना मान्य नाही. "असू दे की, तुलना करायला बरा पडतोय," असं म्हणाले.

पण गंमत म्हणजे धरणाच्या आकड्याची पानं साधी, 40-50 एमबीत भागणारी. सगळ्यात वर होता पेपरचा एकच टॅब, 640 एमबी! वाचत कुणी नाही, मागं नुसता उघडा, आणि त्याच्या एका कोपऱ्यात जाहिरातीचा व्हिडिओ आवाज बंद ठेवून आपला चालूच. त्याच्या खाली 'सबफ्रेम' असं लिहिलेल्या नऊ ओळी, प्रत्येकी 30 ते 80 एमबी, म्हणजे त्याच पानात शिरलेल्या दुसऱ्या साइटच्या जाहिराती. आणि एक एक्सटेन्शन, खरेदी करताना डिस्काउंटची कुपनं शोधून देणारं, 210 एमबी. हे मात्र माझं पाप, दिवाळीत टाकलेलं, एक रुपयाचं कुपन त्यानं दिलं नाही.

ब्राउजर इतकं खातो का म्हणून मी मुलाला जरा तावातावानंच विचारलं, तर त्यानं उलट त्याची बाजू घेतली. म्हणे, तुला आठवतंय का पूर्वी एक पान अडकलं की सगळा ब्राउजर अडकायचा, सगळ्याच खिडक्या जायच्या? आठवतंय की, सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून ते बघितलंय. 2008 ला क्रोम आला तो प्रत्येक टॅब वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवूनच, म्हणजे एक पडला तर बाकीचे उभे. भावाभावांच्या चुली वेगळ्या केल्या की भांडण एका घरातलं दुसऱ्यात जात नाही, पण प्रत्येकाला कुकर, मिक्सर, पाटा-वरवंटा वेगळा लागतो, तसं ते. मग 2018 च्या जानेवारीत स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधलीच खोट जाहीर झाली, एका साइटचा कोड त्याच प्रोसेसमधल्या दुसऱ्या साइटची माहिती चोरून वाचू शकेल अशी. त्यावर त्याच वर्षी क्रोमनं साइटगणिक वेगळी प्रोसेस करून टाकली, पानाच्या आत शिरलेल्या जाहिरातीला पण वेगळी, त्यात 10 ते 13 टक्के मेमरी जास्त लागते हे गुगलनं तेव्हाच सांगितलेलं. माझ्या बँकेचं पान आणि आप्पांच्या पेपरातली कसलीशी जाहिरात एकाच खोलीत बसू नयेत ह्याची ती किंमत. हे ऐकल्यावर माझा ताव जरा उतरला.

आणि पानं पण आता पानं राहिली नाहीत ना. पूर्वी वेबसाइट म्हणजे मजकूर आणि दोन फोटो. आता प्रत्येक पान म्हणजे एक छोटं सॉफ्टवेअरच, उघडं ठेवलं की मागं काहीतरी करत बसतं.

ह्यांच्या मित्रांनी मधे सांगितलेलं, ब्राउजर बदला, दुसरा हलका आहे. दोन-तीन टाकून बघितले, फरक उन्नीस-बीस. कारण नंतर कळलं, ऑपेरानं 2013 ला आपलं इंजिन, म्हणजे पान उभं करणारा आतला भाग, सोडून क्रोमचंच घेतलं, एज 2020 ला त्याच वाटेनं गेला, ब्रेव्ह, विवाल्डी हे पण आतनं क्रोमियमच, क्रोम ज्यावर उभा आहे ते. म्हणजे भांडं बदललं, आमटी तीच. फायरफॉक्सचं इंजिन तेवढं खरंच वेगळं आहे.

तर मी काय केलं. पहिल्यांदा ते कुपनवालं काढलं, आणि दोन अशी एक्सटेन्शनं निघाली की ती मी कधी टाकली ते मलाच माहीत नाही, ती पण गेली. मग क्रोमच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्स म्हणून भाग आहे, तिथं मेमरी सेव्हर चालू केला आणि सगळ्यात कडक पायरीवर ठेवला. बराच वेळ हात न लावलेला टॅब त्यात झोपी जातो, वर नाव दिसत राहतं, मेमरी मोकळी होते आणि क्लिक केलं की पान नव्यानं उतरतं. एक काळजी घ्यायची, जिथं अर्धवट फॉर्म भरून उठायची सवय आहे अशा साइट 'कायम जाग्या ठेवा' वाल्या यादीत घालायच्या, मी रिटर्नचं पोर्टल आणि बँक घातली. ब्राउजर बंद केला तरी मागं चालू राहायची परवानगी असती सिस्टम नावाच्या भागात, ती काढली. आप्पांनी 'अलाऊ' दाबून दाबून एकवीस साइटना नोटिफिकेशनची परवानगी दिलेली, ती काढली, त्यावर ते दोन दिवस गप्प होते. आणि जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन लाइट टाकलं. रेमंड हिल ह्यांचं मूळ यूब्लॉक ओरिजिन जास्त ताकदीचं आहे, ते फायरफॉक्समध्ये अजून चालतं, क्रोमनं एक्सटेन्शनचे नियम बदलल्यावर तिथं आता लाइटच. पेपरचा टॅब 640 वरनं 180 ला आला. पेपरवाल्यांचं पोट जाहिरातीवर असतं हे मला कळतं, पण आप्पांची वर्गणी वर्षाची भरलेली आहे, त्यामुळं मी काय फार अपराधी वाटून घेतलं नाही.

एवढ्यानंच अर्धं काम झालं, एक पैसा न घालता.

उरलेलं अर्धं पैशाचं. दुरुस्तीवाल्या त्याच पोराकडनं जुनी 4 जीबीची डीडीआर3 पट्टी घेतली, सातशे रुपयाला, बोर्डवर दोनच खाचा आहेत त्यातली एक रिकामी होतीच. नंतरच्या पिढीची डीडीआर4 ह्यात बसत नाही, खाच वेगळ्या जागी असती, आणि लॅपटॉपची आखूड पट्टी पण चालत नाही, तेव्हा आपली जुनी पट्टी काढून खिशात घालून दुकानात न्यायची हे सगळ्यात सोपं. अजून एक, विंडोज 64 बिट आहे का बघून घ्या. हेच करायला मी शेठच्या दुकानातला कॉम्प्युटर उघडला तर तिथं 32 बिट निघालं, त्याला 4 च्या वर सगळं सारखंच, 8 घाला नाहीतर 16.

आणि हार्डडिस्कच्या जागी 256 जीबीची एसएसडी, अठराशेला. एच61 ला साटाची, म्हणजे डिस्क जोडायच्या वाटेची, जुनी, निम्म्या वेगाची पिढी आहे, त्यामुळं खोक्यावर छापलेला वेग मिळत नाही हे त्या पोरानं आधीच सांगितलं, प्रामाणिक आहे तसा. पण मला तो वेग नकोच होता, शिडी नको होती. एसएसडीत काय फिरत नाही, त्यामुळं माळ्यावरनं आणायला लागलं तरी हात वर केला की मिळतं. आधी कॉम्प्युटर चालू करून मी कुकर लावून यायचे, आता तीस सेकंदात पासवर्ड मागतो. जुनी हार्डडिस्क फेकली नाही, हिशोबाच्या बॅकअपला ठेवलीय, पुरातनं वाचलेली आहे ती.

मुलगा सुट्टीला आला तेव्हा त्यानं पेनड्राइव्हवरनं विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स मिंट लावून दाखवलं, एक्सएफसीई नावाच्या हलक्या डेस्कटॉपवालं. चालू झाल्या झाल्या मेमरी विंडोजच्या निम्मी पण नव्हती, मी म्हणलं वा! मग आप्पांचा पेपर उघडला, जाहिरातींसकट. परत सहाशे. ओटा मोठा मिळाला इतकंच, खाणारा तोच. घरात फक्त नेट बघायचं असेल तर मिंट खरंच झकास आहे, पण माझं टॅली विंडोजवरचं, त्यामुळं तो विषय तिथंच थांबला.

राहिलं विंडोज 10. त्याचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि 11 ह्या कॉम्प्युटरवर रीतसर बसत नाही, त्याला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, माझी दुसरी पिढी. घरगुती लोकांना वर्षभर जास्तीचे सिक्युरिटी अपडेट मिळायची सोय होती, ती घेतलीय, म्हणजे ऑक्टोबर 2026 पर्यंत. त्यानंतर काय ते तेव्हा बघू, आय5 वाला पोरगा काय पळून जात नाही. पण यार्डात अजून कितीतरी दुकानांत विंडोज 7 आहे आणि त्यावर बिनधास्त नेटबँकिंग चालतं, त्यांना मात्र सांगते, 7 वर क्रोम 109 च्या पुढं जातच नाही, आणि तो 2023 च्या जानेवारीतला आहे. तिथं पैशाची कामं नका करू वो.

ऑगस्टची 20 तारीख आली तेव्हा दोन्ही रिटर्न सकाळी पावणेबाराला भरून मोकळी झाले. शेठना ओटीपीसाठी एकदाच फोन गेला, त्यांनी सांगितला आणि वर विचारलं, "परत कधी करणार फोन?"

आप्पांचे टॅब अजून सतराच आहेत, काही जास्तच असतील. फक्त आता ते झोपलेले असतात. परवा दुपारी चहा घेऊन परत येऊन बसले, कोयनेच्या टॅबवर क्लिक केलं, पान परत उतरलं आणि आकडा नवीन आला. मला हाक मारून म्हणाले, "बघ, मी चहाला गेलो तर विसर्ग वाढवला ह्यांनी. मशीन हुशार केलंस हां, मी बसलो की लगेच सांगतंय."